हळद हिरवी, नवरा निळा

लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग हातावेगळं झालं की घरची मंडळी एकच मागणी करतात: "सिनेमॅटिक करा." म्हणजे काय, ते विचारू नये. विचारलंत तर कुठलंसं रील दाखवतात. डोंगरकड्यावर जोडपं, चेहरे केशरी, मागची झाडी मोरपंखी. आमच्या धंद्यात याला स्प्लिट टोनिंग म्हणतात. हायलाइटला, म्हणजे उजळ भागाला, एक रंग द्यायचा आणि शॅडोला, म्हणजे गडद भागाला, रंगचक्रातला त्याच्या विरुद्ध बाजूचा. कातडी गोरी असो वा सावळी, ती येते केशरी पट्ट्यातच, आणि रंगचक्रात केशरीच्या समोर टील, म्हणजे तोच मोरपंखी, बसलेला. म्हणून शॅडोत टील गेला की चेहरा पुढे येतो. तत्त्व बिनतोड आहे, पण ते हळदीच्या मांडवात शिरलं की विचारू नका.

खोड तशी जुनीच. कृष्णधवल प्रिंट सेपियासाठी (तपकिरी छटेसाठी) ब्लीच करताना उजळ भाग आधी फिके पडत. तिथेच थांबून, सेपिया करून, उरलेल्या गडद चांदीला सेलेनियम या रसायनाची वेगळी छटा द्यायची, की झाली दुरंगी प्रिंट. पण त्या प्रिंटवर हळद लावलेला नवरदेव पिवळा नव्हता, एवढं त्या लोकांचं सुख.

रिझॉल्व्ह या रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोड म्हणजे दुरुस्तीची एकेक पायरी. पहिला नोड कॅमेऱ्याच्या फिक्या लॉग चित्राला रेक ७०९ या टीव्हीच्या रंगमानकात आणायला, दुसरा एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सला. हे बसल्याशिवाय टोनिंगला हात लावू नये. ट्यूबलाइटचा हिरवा उतरवला नसेल तर त्यावर टील चढवणं म्हणजे दुखण्याला दागिने घालणं. मग ऑल्ट-एस मारून तिसरा नोड, आणि त्यात फक्त स्प्लिट टोन. वेगळा नोड असला की कंट्रोल-डी दाबून, तो बंद-चालू करत, पाहुण्यांना "आधी" आणि "नंतर" दाखवता येतं. पाहुण्यांना "आधी"च आवडतं, ते सोडा.

आता गडद भाग रंगवायला लिफ्टचं चाक फिरवू नका. लिफ्टचा रंग मिडटोनपर्यंत चढतो. लॉग व्हील्स घ्या. तिथे लो रेंज, म्हणजे शॅडोची हद्द, मुळात ०.३३३ असते आणि हाय रेंज, म्हणजे हायलाइटची हद्द, ०.५५०. आमच्या मते सगळ्या भानगडींचं मूळ या ०.३३३ मध्ये आहे. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्याची अंधारी बाजू वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या आलेखावर) बरोबर त्या टापूत येते. टील द्यायचा होता मांडवाच्या कनातीला, मिळाला नवरदेवाच्या डाव्या गालाला, आणि तो ऐन सप्तपदीत काविळीतून उठल्यासारखा दिसायला लागतो. लो रेंज ०.२ च्या आसपास आणा. मग गालाभोवती विंडो (निवडीची चौकट) टाकून वेक्टरस्कोप, म्हणजे रंगांचा गोल आलेख, बघा. लाल आणि पिवळ्याच्या मधल्या स्किन टोन रेषेवर ठिपका टेकला पाहिजे. पॅरेडवर (लाल, हिरवा, निळा शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या आलेखावर) तळाशी निळा लालच्या वर १०२३ पैकी वीसेक अंक गेला तरी बास. पन्नासवर गेला की वधूचे केस निळे झालेच म्हणून समजा. वरती हायलाइटला केशरी देताना निळा थोडा उतरतो, तेव्हा मुंडावळ्यांच्या मोत्यांकडे आणि मोगऱ्याच्या गजऱ्याकडे लक्ष ठेवा. आधीच जळालेला, म्हणजे जादा उजेडाने तपशील गेलेला, पांढरा पिवळट झाला की घरचे म्हणतात, "गजरा शिळा होता का हो?" पुढच्या नोडमध्ये लम-व्हर्सस-सॅट कर्व्हची (उजेडानुसार रंगाचा गडदपणा ठरवणाऱ्या रेषेची) दोन्ही टोकं खाली ओढा. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा बेरंग राहतो, टोन मधल्या गडद-उजळ भागात राहतो.

हळदीचा प्रकार याहून अवघड. पिवळ्यावर टील पडला की हिरवा होणारच, त्याला इलाज नाही. क्वालिफायरने (रंगावरून भाग निवडणाऱ्या साधनाने) हळद वेगळी निवडायला जाल तर चेहराही सोबत येतो, कारण दोघांचे रंग शेजारी-शेजारी. त्यापेक्षा ह्यू-व्हर्सस-ह्यूमध्ये, म्हणजे एक रंग दुसऱ्याकडे सरकवणाऱ्या रेषेत, पिवळा हलकेच लालकडे सरकवा आणि हळदीच्या क्लिपांवर टोनच्या नोडचा की आउटपुट गेन (त्या नोडचा एकूण जोर) ०.४ वर आणा. चेहरा वाचवायचा तर नोड थरांसारखे एकावर एक ठेवणारा लेअर मिक्सर लावा. त्यात खाली जोडलेला नोड वरचा थर ठरतो. पहिल्यांदा सगळे उलटेच जोडतात.

रिसेप्शनची जांभळी भिंत आणि ड्रोनचं आकाश हे शेवटचे शत्रू. फूटेज ८-बिट ४:२:० (रंगाची माहिती कमी साठवणारं) असेल तर प्रत्येक चॅनेलला छटांच्या २५६ पायऱ्या. त्यातही रंगाचं रिझोल्यूशन एक चतुर्थांश. अशा फूटेजवर मोठा टोन चढवला की आकाशात पट्टे उमटतात. बारीक ग्रेन (फिल्मसारखे दाणे) टाकला की थोडे लपतात. १०-बिटमध्ये शूट करा म्हणून कॅमेरावाल्याला सांगून ठेवणं सोपं, पण तो तोवर जेवणावळीत असतो.

आणि डोळ्यांवर विश्वास नको. टील अर्धा तास बघितला की डोळ्यांना तोच काळा वाटायला लागतो, मग हात आणखी टील देतो. मूळ चित्राचा स्टिल घेऊन वाइप लावा, म्हणजे दोन्ही अर्धे-अर्धे शेजारी दिसतील, मध्येच उठून चहा घ्या. मॉनिटर डी-६५ या प्रमाणित पांढऱ्यावर असू द्या. आत्याबाई मात्र व्हिडिओ व्हॉट्सॲपवर बघणार, फोनचा आय कम्फर्ट (पडदा पिवळट करणारी सोय) चालू ठेवून, आणि विचारणार, "पैठणी मोरपंखी होती, तुम्ही बाटली-हिरवी कशी केलीत?" त्यासाठी कोणताही नोड नाही. त्या फोनमधला आय कम्फर्ट बंद करायची विनंती भाच्याला करावी.