खुलासा: व्यंजन गेलं की स्वर लांबतोच असं नाही

‘शब्दातलं कुठलंही व्यंजन गळलं की शेजारचा स्वर दीर्घ होतो’ असं मी मागे लिहिलं होतं. ते फिरतंय आणि चुकीचं आहे.

सप्त, प्राकृतात सत्त, मराठीत सात. वृत्त मोजणाऱ्यांना हे लगेच दिसेल: ‘सप्’ हे अक्षर (एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा) गुरू, म्हणजे दोन मात्रांचं; मात्रा म्हणजे उच्चाराच्या वेळेचं माप. अक्षर बंद करणारं व्यंजन गेलं, पण त्याची मात्रा उरली. ती ‘अ’ने घेतली. हस्त-हत्थ-हात तसंच. पंजाबीत जोडव्यंजन टिकलं, म्हणून सत्त, हत्थ.

अक्षराच्या सुरुवातीच्या व्यंजनाला मात्राच नसते. स्थलचं थळ झालं, थाळ नाही. (ग्रीसच्या सामोथ्राकी बोलीत सुरुवातीचा ‘र’ गेल्यावरही स्वर लांबतो, त्यावर अभ्यासकांचा वाद आहे.)

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका.