शार्लट्सव्हिलचं ‘पॅरामाउंट’ टीव्हीनं बंद पाडलं नाही

अमेरिकेतल्या छोट्या शहरांतल्या जुन्या थिएटरांचे फोटो फिरू लागले की सोबत हा मजकूर हमखास असतो: ‘पूर्वी सगळं गाव इथं एकत्र बसून सिनेमा बघायचं. मग टीव्ही आला, लोक घरी बसले, बाजारपेठ आपोआप ओस पडली. आता असल्या इमारती पोसणं परवडत नाही.’ व्हर्जिनियातलं शार्लट्सव्हिल हे पन्नास हजारांच्या आतलं शहर आणि तिथलं ‘पॅरामाउंट’ हे जुनं थिएटर घेऊन एकेक वाक्य तपासू या.

आधी टीव्ही. अमेरिकेत सिनेमाची गर्दी १९४६नंतर घटू लागली. १९५०मध्ये दहातल्या एका घरातही टीव्ही नव्हता. युद्धावरून परतलेली पिढी संसाराला लागून उपनगरांत राहायला जात होती. टीव्हीचा फटका पुढे बसलाच, पण १९६०पर्यंत बहुतेक घरांत टीव्ही आल्यावरही पॅरामाउंट १९७४पर्यंत चालू होतं. ते बंद पडल्यावर दोनच वर्षांनी याच शहरात ‘विनेगर हिल थिएटर’ हे नवं छोटं सिनेमागृह उघडलं आणि २०१३पर्यंत चाललं.

‘सगळं गाव एकत्र’ हे तर धादांत खोटं. पॅरामाउंट १९३१मध्ये उघडलं. शिकागोच्या रॅप अँड रॅप या नामांकित वास्तुरचनाकारांचं काम. मेन स्ट्रीटवरचं दिमाखदार प्रवेशद्वार गोऱ्यांसाठी. कृष्णवर्णीयांनी बाजूच्या थर्ड स्ट्रीटवर वळायचं. तिथं त्यांचं वेगळं दार, वेगळी तिकीट खिडकी, आणि तिथून वर थेट बाल्कनीत. ही नुसती रूढी नव्हती, इमारतीच्या आराखड्यातच ती आखलेली होती. ज्यांना बाजूच्या दारानं आत घेतलं, त्यांच्याही आठवणी या मजकुरात परस्पर ‘आपल्या’ म्हणून खपवल्या जातात, याचा मला मनापासून राग येतो.

बाजारपेठ ‘आपोआप’ ओस पडली म्हणे! थिएटरपासून चालत काही मिनिटांवर विनेगर हिल ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती: घरं, चर्च, न्हाव्यांची आणि इतर दुकानं. शहराच्या पुनर्विकासासाठी ती पाडायची की नाही, यावर १९६०मध्ये सार्वमत झालं. मत द्यायचं तर आधी कर भरावा लागे, त्यामुळे तिथल्याच कित्येकांना मत देता आलं नाही. थोडक्या मतांनी पाडायचं ठरलं आणि १९६४-६५मध्ये सगळं जमीनदोस्त झालं. अनेक कुटुंबं वेस्टहेवनच्या सरकारी वसाहतीत गेली, दुकानदारांचा जम कायमचा मोडला. मोकळी जमीन मात्र वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. तिकडे १९५९पासून बॅरॅक्स रोड शॉपिंग सेंटर ऐसपैस पार्किंगसह गिऱ्हाईक ओढत होतंच. मेन स्ट्रीटच्या शेजारची वस्तीच उठवली, तर संध्याकाळी पायी फिरायला येणार कोण?

राहिलं ‘परवडत नाही’. निव्वळ रोजचे खेळ लावून एवढा मोठा पडदा चालवणं अवघड आहे, हे मान्य. म्हणून पॅरामाउंट आज ना-नफा संस्था चालवते. जीर्णोद्धारानंतर २००४मध्ये ते पुन्हा उघडलं. तिथं मैफली होतात, नाटकं होतात, जुने सिनेमे लागतात, व्हर्जिनिया चित्रपट महोत्सवाचे खेळही होतात. थर्ड स्ट्रीटवरचं ते बाजूचं दार बुजवून टाकलेलं नाही. जाणार असाल तर मेन स्ट्रीटचा फोटो काढून झाल्यावर कोपऱ्यावरून वळा आणि तेही बघा.