जामदारखान्याच्या किल्ल्या मोजून घ्या

श्रीमंत बायको करून उरलेलं आयुष्य पाय पसरून काढायचं असं मनाशी पक्कं झालं असेल, तर कांदेपोह्यांना जाण्याआधी हिचकॉकचा 'डायल एम फॉर मर्डर' बघून घ्या. सिनेमा १९५४ चा. पुढे त्याचा शेवट फोडला आहे. सत्तर वर्षं ज्यांना सवड झाली नाही त्यांनी आता कुरकुर करू नये.

आपला आदर्श टोनी वेंडिस, म्हणजे रे मिलांड. टेनिस सोडलेला खेळाडू, लंडनच्या मेडा व्हेल भागात फ्लॅट, अंगावर झकास सूट आणि या सगळ्यामागचा पैसा बायकोचा. बायको मार्गो, म्हणजे ग्रेस केली. पैशासाठी लग्न केलं हे टोनी स्वतःच्या तोंडाने सांगतो. 'आम्हाला काही नको, फक्त मुलगी आणि नारळ द्या' म्हणणाऱ्यांपेक्षा हा माणूस किती सरळ! मार्गोचं एका अमेरिकन रहस्यकथालेखकावर प्रेम बसतं, तेव्हा टोनीला काळजी लागते ती राहणीमानाची. ती सोडून गेली तर शिंप्याचं बिल कोण भरणार?

म्हणून आधी हे शिका: भांडायचं नाही. टोनी बायकोची पर्स लांबवून त्यातलं प्रेमपत्र काढून ठेवतो, निनावी चिठ्ठ्या पाठवून तिच्याकडे पन्नास पौंड मागतो आणि घरात मात्र असा गुणी होतो की तिलाच अपराधी वाटावं. मग कॉलेजातला एक जुना, भानगडबाज ओळखीचा हेरायचा. त्याचं नाव स्वॉन. बायकोचा खून करायला त्याला हजार पौंड द्यायचे. ही रक्कम बँकेतून एकदम काढायची नाही, हे टोनीला कळतं. बायका तांदळाच्या डब्यात साठवतात तसं तो वर्षभर थोडं थोडं बाजूला काढतो. इथवर शंभर पैकी शंभर. पुढे काम फसतं, नोटा शिल्लक राहतात आणि हा पठ्ठ्या त्यातून राजरोस बिलं भागवायला लागतो. इन्स्पेक्टर हबर्डला पहिला वास येतो तो या रोखीचाच.

पैशाचा विषय निघालाच आहे तर भारतीय इच्छुकांनी थोडा कायदाही वाचावा. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम २५: खून करणारा किंवा खुनाला साथ देणारा, मेलेल्याच्या मालमत्तेचा वारस होऊ शकत नाही. इंग्लंडच्या न्यायालयांचंही म्हणणं तेच. आणि समजा, ती बिचारी आपल्या मरणाने गेली, तरी पेढे वाटण्याची घाई नको. कलम १५ असं की तिला आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, मृत्युपत्र नसेल आणि मूलबाळ नसेल, तर नवऱ्याला न मिळता तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे तुम्ही जन्मभर ज्या मेव्हण्याची चेष्टा केलीत, त्याच्याकडे.

आता बेत. शनिवारी रात्री टोनी रहस्यकथालेखकालाच बरोबर घेऊन पार्टीला जाणार. साक्षीदार म्हणून बायकोच्या प्रियकराहून चांगला कोण? स्वॉन घरात शिरून पडद्यामागे उभा राहणार. अकराला टोनी घरी फोन करणार, मार्गो उठून टेबलाशी येणार. त्या काळी लंडनमध्ये टेलिफोन एक्सचेंजच्या नावाची अक्षरं फिरवून मग आकडे फिरवायचे. मेडा व्हेलचा 'एम' तो हाच. सिनेमा थ्रीडीत काढल्यामुळे कॅमेऱ्याला बोटाच्या फार जवळ जाता येईना, म्हणून भलीमोठी डायल आणि लाकडी बोट करवून घेतलं होतं. बोट एवढं मोठं, पण टोनीचं घड्याळ ऐन वेळी बंद पडतं, आणि धावत फोनच्या बूथपाशी जावं तर आत आधीच कोणीतरी बोलत उभा. पलीकडे स्वॉन कंटाळून निघायच्या बेतात. तेव्हा घड्याळाला चावी देत जा आणि बूथ रिकामा मिळेल असं गृहीत धरू नका.

दुसरी चूक स्वभावाची आहे. मार्गोला त्या रात्री सिनेमाला जायचं होतं. टोनीने गळ घालून तिला घरी बसवलं आणि काम दिलं: आपल्या टेनिसच्या पराक्रमांची कात्रणं वहीत चिकटव. कात्रणं म्हटलं की कात्री आली. गळा आवळला जात असताना मार्गोच्या हाताला तीच लागली आणि स्वॉनच्या पाठीत गेली. कौतुकाची कात्रणं आपली आपण चिकटवावीत.

तरीही टोनी सावरतो, तिनेच ठरवून स्वॉनला मारलं असं भासवतो, आणि इतकं सफाईने की मार्गोलाच फाशीची शिक्षा होते. बुडवलं त्याला किल्लीने. म्हणून इथे वही-पेन घ्या. टोनीने मार्गोच्या पर्समधली लॅचची किल्ली काढून जिन्यावरच्या गालिच्याखाली स्वॉनसाठी ठेवली होती. काम आटोपून जाताना ती परत तिथेच ठेवायची, असं ठरलं होतं. स्वॉनने दार उघडलं, किल्ली लगेच गालिच्याखाली सरकवली आणि मग तो आत आला. नंतर टोनीने मेलेल्याच्या खिशातली किल्ली काढून मार्गोच्या पर्समध्ये टाकली. ती होती स्वॉनच्या स्वतःच्या घराची! लॅचच्या किल्ल्या दिसायला सगळ्या सारख्या. फक्त हबर्डला प्रश्न पडला: माणूस घराबाहेर पडला आणि खिशात त्याच्याच घराची किल्ली नाही?

मग हबर्ड रेनकोटांची अदलाबदल करून टोनीची किल्ली लंपास करतो. टोनी मार्गोच्या पर्समधली लावून बघतो, ती लागत नाही. तो परत फिरतो, थबकतो, हिशेब करतो आणि जिन्याकडे वळतो. गालिचा उचलणारा हात दिसला की समजावं, खेळ संपला.

दार उघडतं तर आत हबर्ड, मार्गो आणि लेखक. टोनी पळत नाही. तो बाटली काढतो आणि कोण काय घेणार ते विचारतो. एवढं मात्र जरूर शिकून ठेवा. घरात ग्लास निदान चार हवेत.