गाडीचा डग्गा हरवला

खंबाटकीचा घाट चढत होतो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तबलजीचा डावा हात गेलाय.

गाडीच्या स्टिरिओवर लागलेली बंदिश ओळखीची, मध्यलयीतला तीनताल. पण ‘धा धिं धिं धा’च्या जागी ‘ता तिं तिं ता’ ऐकू येत होतं. आईच्या धाकाने ज्यांनी लहानपणी दोन वर्षं तबला बडवलाय त्यांना ठाऊक असेल, १६ मात्रांच्या तीनतालात खाली येते नवव्या मात्रेला. तिथे डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा खर्जातला जोडीदार, जरा गप्प बसतो आणि चार-पाच मात्रांत पुन्हा बोलायला लागतो. इथे सुरूर फाटा आला तरी खाली संपेना. गाणारी बाईसुद्धा समोरून उठून मागच्या सीटवर, नाहीतर डिकीत कुठेतरी जाऊन बसल्यासारखी वाटत होती.

साताऱ्याहून मामांना पुण्याला आणायचं होतं. ते पुढच्या सीटवर बसले, त्यांनी काच खाली केली (काच झकास खाली जात होती, मागच्याच आठवड्यात दुरुस्त करून घेतली होती) आणि मान डोलवायला लागले.

मी म्हटलं, “मामा, बेस नाहीये हो.”

“बेस न्हाई? आरं, बेस वाजतंय की!”

माझा बेस म्हणजे खर्जातला आवाज, त्यांच्या शब्दकोशात बेस म्हणजे उत्तम. पुण्यापर्यंत मी त्यांना फरक समजावत राहिलो आणि ते मला ‘बेस वाजतंय’ म्हणून धीर देत राहिले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. खरं तर बॉनेटचा आणि स्टिरिओचा संबंध नाही, पण बॉनेट उघडल्याशिवाय माणसं जमत नाहीत. पहिल्या काकांनी “फ्यूज बघा” म्हटलं. भारतात कुठलीही वस्तू बंद पडली की पहिला माणूस हेच म्हणतो. फ्यूज उडाला असता तर सगळाच आवाज गेला असता, हे मी सांगितल्यावर ते दुखावले. दुसऱ्यांनी उंदीर सुचवला. पावसाळ्यात हा संशय चुकीचा नव्हे, पण फक्त खर्जातले स्वर खाणारा उंदीर माझ्या पाहण्यात नाही.

मग स्टिरिओची सेटिंग झाली. बेस शेवटापर्यंत वाढवला, तर जाळीमागे नुसतीच थरथर. ‘लाउडनेस’ चालू केलं, ‘जॅझ’ केलं, ‘रॉक’ केलं. एचपीएफ म्हणून एक खोडा असतो, तो चालू राहिला तर खालचे सूर दारातच अडवतो. तोही बंदच होता. बायको वरून गॅलरीतून म्हणाली, “अहो, आता ऐकू येतंय ना, मग राहू द्या की. आधी ते धडधड केवढं व्हायचं!” तिच्या मते गाडी बिघडली नव्हती, सुधारली होती.

ॲक्सेसरीच्या दुकानदाराने अर्धा मिनिट ऐकून निदान केलं, “दोन्ही स्पीकर बसले, साहेब. डिकीत सबवूफर टाकू, वर ॲम्प. अठरा हजारात काम होईल.” डिकीत स्टेपनीवर आमच्या चटया, पाण्याचा कॅन आणि मुलीची सायकलची हेल्मेटं असतात, म्हणून मी वाचलो.

तिथून तडक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठून मल्टिमीटर आणला. स्पीकरच्या पाठीवर ४ ओहम लिहिलेलं, आणि मीटर दाखवतोय ३.६. उरलेले ०.४ कोणी खाल्ले? ऑफिसातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला फोन केला. तो हसला, “मीटर नुसता तारेचा डीसी रोध मोजतो, तो थोडा कमीच येणार. स्पीकर ठणठणीत आहेत. आता असं कर, बॅलन्स पूर्ण उजवीकडे ने. मग पूर्ण डावीकडे.”

उजवीकडे नेला, डग्गा आला! डावीकडे नेला, तरी आला! मधोमध ठेवला, गायब. आमच्या सोसायटीच्या चेअरमन आणि सेक्रेटरींना एकेकटं गाठलं तर दोघंही लिफ्टच्या कामाला हो म्हणतात, मीटिंगमध्ये शेजारी बसवलं की काम होत नाही, तसंच हे.

“एक स्पीकर उलटा जोडलाय,” तो म्हणाला. उजव्याचा पडदा बाहेर येतो त्याच क्षणी डाव्याचा आत जातो. ५० हर्ट्झच्या सुराची लाट जवळपास सात मीटर लांब, आणि माझी गाडी चार मीटरच्या आतली. लाट गाडीहून मोठी, त्यामुळे दोघं ढकलाढकली करून एकमेकांना पुसून टाकतात. झांजेच्या लाटा इवल्याशा, काही सेंटिमीटरच्या. त्या कुठे जुळतात, कुठे नाही, म्हणून त्या वाचतात.

खात्री करायला स्टिरिओ बाहेर ओढला आणि त्याच्या मागच्या तारांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टेकवला. मुलगी टॉर्च घेऊन जाळीशी. उजव्या दाराला ती ओरडली, “बाहेर!” डाव्याला, “आत!”

डावं दार. काचेचं दार!

एवढे दिवस कळलं कसं नाही, तर शहरात मी गाडीत बातम्या ऐकतो, आणि बातम्यांना बेस नसतो. गॅरेजवाल्याला फोन केला. काच दुरुस्त करताना त्याच्या पोऱ्याने स्पीकरच्या तारा तोडून, पिळून, काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. तो सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, “पण काच चालतीय ना, साहेब?”

यावर मला उत्तर सुचलं नाही.

दार मीच उघडलं. तारांची अदलाबदल दोन मिनिटांचं काम. पॅनेल काढायला मात्र दीड तास लागला, कारण ते ज्या प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसतं त्या निघताना ‘टक्’ असा आवाज करतात आणि तुटतानाही ‘टक्’ असाच करतात. बसवून झाल्यावर हातात दोन शिल्लक होत्या, एक अर्धी.

बंदिश लावली. धा! डग्गा असा घुमला की खिडकीवरचा गणपती हलला. बाई डिकीतून उठून पुन्हा समोर येऊन बसल्या. मामा मागे बसले होते, म्हणाले, “आता कायतरी खडखडतंय बघ दारात.”

खडखडतं. पण ठेक्यातला डग्गा जोरात पडतो तिथेच, म्हणजे बरोब्बर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेला. म्हणून सध्या तसंच ठेवलंय.