हवी तिथे हवा नाही

माझदा म्हटलं की आपल्याकडे लग्नाचं वऱ्हाड नेणारी स्वराज माझदा डोळ्यांपुढे येते. इथे गोष्ट चाललीय ती दुसऱ्या माझदाची. 1989 साली शिकागोच्या मोटार शोमध्ये आलेली, अमेरिकेत मियाटा म्हणून ओळखली जाणारी दोन सीटची एमएक्स-5. तिच्यात तिसऱ्या माणसाला जागा नाही, त्यामुळे रेडिएटर बदलताना सल्ला देणारे सगळे बाहेरच उभे राहतात.

मूळ रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची, टाक्या मात्र प्लॅस्टिकच्या. वरची टाकी नवी असताना काळीकुळकुळीत असते. तिला मुरलेल्या लोणच्याचा रंग आला की तिचे दिवस भरले म्हणून समजायचं. प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, आणि ते तडकतं नेहमी भर उन्हात, घरापासून लांब. मग आपण अख्खा ॲल्युमिनियमचा, जाड जाळीचा रेडिएटर मागवतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘डायरेक्ट फिट’ लिहिलेलं असतं. माझ्या मते ते छत्तीस गुण जुळल्यासारखं आहे. पत्रिका जुळली, संसाराचं कोणी बोललेलं नाही.

इंजिन पूर्ण गार हवं, इथे चालढकल नाही. बॅटरीची ऋण तार काढायची, पण बॅटरी बॉनेटखाली शोधू नका, ती डिकीत आहे. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका. खालचा प्लॅस्टिकचा ट्रे काढा. मग रेडिएटरच्या तळाचा प्लग. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, टपाच्या दिशेने सोडून बाकी सगळ्या दिशांना येतं, बाहीतून काखेपर्यंतसुद्धा. ते गोडसर असतं आणि विषारी. मांजर, कुत्रं चाटायच्या आत पुसून घ्या, आणि गटारात ओतू नका.

खालचा होज, म्हणजे रेडिएटरला जोडलेला रबरी पाइप, जन्मजात चिकटलेला असतो. आधी क्लॅम्प मागे सरकवा, मग होज पकडीने हळू पिळून सोडवा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलात तर नळीच्या तोंडाला ओरखडे पडतात. होज नवाच घालणार असाल तर सरळ ब्लेडने उभा चिरा. त्यातही एक समाधान असतं.

नवा रेडिएटर बसवण्याआधी साध्या पाण्याने दोनदा धुवा. आत वेल्डिंगचा कचरा आणि धातूचा कीस निघतो, आणि हा कीस वॉटर पंपाच्या सीलला भेटावा अशी आपली इच्छा नसते. मग जुने दोन फॅन नव्यावर लावायचे. तीन भोकं जुळतात. चौथं तांदळाच्या दाण्याएवढं सरकलेलं असतं. कानस घ्या आणि फॅनच्या चौकटीचं भोक लांबट करा, रेडिएटरच्या कानाला हात लावू नका. खरा घात होतो लांब बोल्टने. ‘हा जरा लांब आहे, पण चालेल’ म्हणत आवळलेला सहा मिलीमीटर जाडीचा बोल्ट पलीकडे जाऊन जाळीच्या नळीत रुततो. आपण स्वतःच्या हाताने नव्या रेडिएटरला भोक पाडलेलं असतं, तेही बोल्टचे आटे नीट बसल्याच्या आनंदात. पुढे जागेचा प्रश्न. जाळी जाड, म्हणून फॅनची मोटर इंजिनच्या पुलीकडे सरकते. मध्ये बोटभर फट हवी, आणि फॅन हाताने फिरवून बघायचा.

आता हवा. जाड जाळी घेतली की गाडी आपोआप थंड, हा मोठा गैरसमज. वाऱ्याला जाळीतून जाण्यापेक्षा कडेने निसटणं सोपं वाटतं, आपल्यासारखंच. म्हणून कडेच्या फटींत फोमची पट्टी भरा आणि खालचा ट्रे परत लावा. चिखल अडवायचं काम त्याचं जोडधंद्यासारखं. वारा जाळीकडे वळवणं ही खरी नोकरी. ट्रे नसलेली मियाटा हायवेवर तापते आणि दोष बिचाऱ्या रेडिएटरला मिळतो.

बाहेर हवी ती हवा आत मात्र नको. सिस्टीममध्ये साधारण सहा लिटर मावतं. त्यातला बराच भाग इंजिनातच राहिलेला असतो. इंजिन आतून साध्या पाण्याने धुतलं असेल तर आधी तीन लिटर शुद्ध कूलंट ओता, मगच उरलेल्या जागेत डिस्टिल्ड पाणी. आधीच अर्धंअर्धं कालवून ओतलंत तर आतलं पाणी त्याचं ताक करतं. गाडीचं नाक चढाला करा, नरसाळं लावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. जुलै असला तरी हीटर लागतो. इंजिन चालू करून हातमोजा घालून वरचा होज दाबत राहा. बुडबुडे येतात, थांबतात. आपण ‘झालं’ म्हणतो, तेवढ्यात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच उघडणारी झडप, उघडतो आणि नरसाळं एका घोटात रिकामं होतं. भरा, परत दाबा, फॅन चालू होऊन बंद होईपर्यंत. नंतर काट्याकडे बघून हुरळू नका. ह्या गाडीचा तापमानाचा काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मधोमध बसून राहतो, सरकारी समितीसारखा.

रात्री खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली पसरा. सकाळी गार इंजिनाचं झाकण उघडलं की पातळी थोडी खाली गेलेली असते, ती भरा. एकदा तापून निवालं की रबर बसतं आणि क्लॅम्प सैल पडतो, म्हणून पुठ्ठ्यावर एखादा हिरवा थेंबही असतो, नेमका ‘डायरेक्ट’वर. खालच्या होजचा क्लॅम्प अर्धा फेरा आवळा आणि पुठ्ठा उलटा करून पुन्हा पसरा.