कंट्रोलर कनेक्ट होत नाही म्हणजे तो गेला, असं नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा सारांश असा: गेमचा कंट्रोलर (हातात धरून खेळायचं बटणांचं यंत्र) कन्सोलला (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राला) कनेक्ट होईना, म्हणजे त्यातलं ब्लूटूथ जळालं. केबल लावूनही झाला नाही, तर शंकाच नको. कंट्रोलरच्या मागच्या छिद्रात पिन घालू नका, गेमचं सगळं सेव्ह पुसलं जातं. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज केल्यानं आणि घरात वाय-फाय चालू ठेवल्यानं हे होतं. दुरुस्तीत पैसे घालवू नका. कुठलाही ब्लूटूथ कंट्रोलर आणा, तो सगळ्या कन्सोलला चालतो.

आमच्या बिल्डिंगमधली मुलं कंट्रोलरचं काही बिनसलं की माझ्याकडे येतात, त्यामुळे या मेसेजचा परिणाम मला जवळून दिसतो. चांगला चालता कंट्रोलर कपाटात पडतो आणि पाच-सहा हजार रुपये घालून नवा येतो. ज्या घरानं पैसे साठवून कन्सोल घेतलाय, तिथे हा खर्च लहान नाही. म्हणून मेसेजातला एकेक मुद्दा घेतो.

आधी ब्लूटूथ जळण्याचं. प्लेस्टेशनचा कंट्रोलर आपल्या कन्सोलचा ब्लूटूथ पत्ता स्वतःच्या मेमरीत ठेवतो. हा ४८ बिटांचा क्रमांक असतो आणि प्रत्येक कन्सोलचा वेगळा. मधलं पीएस बटण दाबलं की कंट्रोलर त्या एकाच पत्त्यावर हाक मारतो. उत्तर आलं की जोडणी झाली. नाही आलं, तर लाइट थोडा वेळ लुकलुकते आणि विझते. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. पण लाइट लुकलुकतेय, म्हणजे बॅटरीत जीव आहे आणि आतला बोर्ड चालू आहे. बहुतेक वेळा पत्ता तेवढा चुकलेला असतो.

पत्ता बदलतो तो जास्तकरून मोबाइलमुळे. सुट्टीत मुलगा मामाकडे चिंचवडला जातो, कंट्रोलर सोबत नेतो आणि तिथे मोबाइलवर खेळायला म्हणून शेअर आणि पीएस ही दोन बटणं एकत्र धरून तो मोबाइलला जोडतो. ड्युअलसेन्सवर, म्हणजे प्लेस्टेशन ५ (पीएस५) च्या कंट्रोलरवर, शेअरच्या जागी क्रिएट बटण असतं. घरी परतल्यावर कंट्रोलर मोबाइललाच शोधत बसतो. ड्युअलशॉक ४, म्हणजे प्लेस्टेशन ४ (पीएस४) चा कंट्रोलर, एका वेळी एकच पत्ता लक्षात ठेवतो. ड्युअलसेन्सचंही तसंच होतं. २०२५ च्या अपडेटनंतर त्याला चार उपकरणं लक्षात ठेवता येतात, पण त्यासाठी पीएस बटणाबरोबर ठरावीक दुसरं बटण धरावं लागतं. ते घरात कुणाला ठाऊक नसलं की गोंधळ पूर्वीसारखाच. सेकंडहँड घेतलेल्या कंट्रोलरचंही हेच, त्यात जुन्या मालकाच्या कन्सोलचा पत्ता असतो. वीज गेल्यानं मात्र पेअरिंग, म्हणजे ही जोडीची नोंद, जात नाही. गुरुवारी महावितरणच्या कामासाठी दिवसभर लाइट नसली तरी पत्ता जागेवर राहतो, कारण तो वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत लिहिलेला असतो.

उपाय साधा आहे. कन्सोल चालू करायचा, कंट्रोलर केबलनं त्याला जोडायचा आणि पीएस बटण दाबायचं. केबलमधून कन्सोल आपला पत्ता कंट्रोलरमध्ये लिहून टाकतो. केबल लावली पण बटण दाबलंच नाही, हे मी फार वेळा पाहिलंय. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलवर केबलही लागत नाही: कन्सोलवरचं पेअरचं बटण दाबायचं, लगेच कंट्रोलरच्या वरच्या कडेचं छोटं बटण दाबून धरायचं. लोगो भराभर लुकलुकतो आणि स्थिर झाला की जोडणी झाली. त्याच्या कंट्रोलरमध्ये बहुधा पेन्सिल सेल असतात. आधी ते बदलून बघावेत.

मग मेसेज म्हणतो, केबल लावूनही झालं नाही तर खात्रीच समजा. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. परवा एक मुलगी ड्युअलशॉक ४ घेऊन आली.

“काका, लाइट येते, चार्जिंगही होतं, पण टीव्हीवर काहीच हलत नाही.”

“कुठली वायर लावलीस गं?”

“बाबांच्या पॉवर बँकेची.”

मायक्रो यूएसबीच्या पूर्ण केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. पॉवर बँक, ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर यांच्याबरोबर येणाऱ्या स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात. अशा केबलवर बॅटरी भरते, लाइट पेटते, पण कन्सोलला पत्ता लिहायला वाटच नसते. तिला ड्रॉवरमधली जुन्या मोबाइलची डेटा केबल दिली, पीएस बटण दाबायला सांगितलं आणि लाइटची पट्टी निळी झाली. केबल तपासायची असेल तर तीच केबल मोबाइलला आणि लॅपटॉपला लावा. मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर उघडले तर केबल डेटाची आहे.

ड्युअलशॉक ४ ची आणखी एक गोष्ट माहीत हवी. २०१३ चं पहिलं मॉडेल केबल लावलेली असतानाही कन्सोलशी ब्लूटूथवरूनच बोलतं; केबल फक्त चार्जिंगला आणि पेअरिंगला. २०१६ च्या दुसऱ्या मॉडेलपासून बटणांचे संदेश केबलमधूनही जाऊ लागले. हे मॉडेल ओळखायची खूण म्हणजे टचपॅडच्या वरच्या कडेला दिसणारी लाइटची बारीक रेघ. तेव्हा ‘केबलवर चालत नाही’ या एका निरीक्षणावरून निदान करायचं असेल, तर आधी हातात कुठलं मॉडेल आहे ते बघावं लागतं.

पिनची भीती पूर्णपणे निराधार आहे. ते छिद्र कंट्रोलरच्या रीसेटचं आहे आणि त्यानं पुसली जाते ती कंट्रोलरमधली पेअरिंगची नोंद. गेमचं सेव्ह कन्सोलच्या स्टोरेजमध्ये किंवा क्लाउडवर असतं. कंट्रोलरमध्ये ते कधी नसतंच, मग पुसलं कसं जाईल? ड्युअलशॉक ४ वर हे छिद्र मागच्या बाजूला एलटू बटणाजवळ असतं, ड्युअलसेन्सवर मागच्या सोनीच्या लोगोशेजारी. कन्सोल बंद करा, बारीक पिननं आतलं बटण तीन ते पाच सेकंद दाबा, हलका टिक जाणवतो. मग कन्सोल चालू करून डेटा केबल लावा आणि पीएस बटण दाबा. सांभाळायचं एवढंच की ड्युअलसेन्सच्या पुढच्या बाजूला म्यूट बटणाजवळचं छिद्र माइकचं आहे. तिथे पिन घालू नका.

चार्जरचा मुद्दा थोडक्यात. यूएसबी चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो. फास्ट चार्जर व्होल्टेज चढवतो ते समोरच्या उपकरणानं मागितल्यावर, आणि कंट्रोलर ते मागत नाही. नावगाव नसलेल्या चार्जरचा भरवसा मीही धरत नाही, पण तो मोबाइललाही लावू नये. सगळ्यात बरं म्हणजे कन्सोलच्याच पोर्टवर चार्ज करावं. पीएस४ च्या रेस्ट मोडच्या सेटिंगमध्ये यूएसबी पोर्टला वीज चालू ठेवली की रात्रीतून बॅटरी भरते.

अर्धं खरं असलेलं वाक्य वाय-फायचं. ब्लूटूथ आणि जुन्या पद्धतीचं वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. पुण्यातल्या एखाद्या दाट सोसायटीत मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कितीतरी राउटर दिसतात, त्यातले बरेच या पट्ट्यात गर्दी करतात. ब्लूटूथ सतत वाहिनी बदलत, गर्दीची जागा टाळत चालतं, म्हणून बहुतेकदा निभावतं. नाही निभावलं तर बटण उशिरा लागतं किंवा जोडणी मध्येच तुटते. पण त्यानं कुठलाही भाग जळत नाही. राउटर ५ गिगाहर्ट्झवर घेतला की बराच फरक पडतो. वाय-फायपेक्षा दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे कन्सोलला लावलेली बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३ ची उपकरणं आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. इंटेलनं २०१२ साली यावर टिपण प्रसिद्ध केलं होतं. डिस्क कंट्रोलरच्या वाटेतून बाजूला, कन्सोलच्या मागे सरकवा. कन्सोल टीव्हीच्या बंद कपाटात कोंबला असेल तर आधी तो बाहेर काढा.

आता सगळ्यात महागात पडणारा सल्ला: कुठलाही ब्लूटूथ कंट्रोलर आणा. एक्सबॉक्स वन आणि त्यापुढचे एक्सबॉक्स कन्सोल कंट्रोलरसाठी ब्लूटूथ वापरतच नाहीत. मायक्रोसॉफ्टची स्वतःची वायरलेस पद्धत आहे. २०१६ पासून एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ आलं ते कॉम्प्युटर आणि मोबाइलसाठी. ब्लूटूथ कंट्रोलर घेऊन एक्सबॉक्ससमोर बसलात तर ताटकळत बसाल. शिवाय नोव्हेंबर २०२३ पासून परवाना नसलेली उपकरणं एक्सबॉक्स अडवू लागलाय, त्यात काही वायरवाले स्वस्त कंट्रोलरही आले.

दोन्हीकडे ब्लूटूथ असलं म्हणजे काम झालं, असंही नाही. ड्युअलशॉक ४ पीएस५ ला जोडला जातो, त्यावर पीएस४ चे गेम खेळता येतात. पीएस५ चा गेम लावला की कन्सोल त्याला नकार देतो. उलट दिशेनं ड्युअलसेन्स पीएस४ ला थेट चालत नाही. हे एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचं झालं. मग ‘सगळ्यांना चालतो’ असं खोक्यावर छापलेल्या कंट्रोलरकडून काय अपेक्षा ठेवायची? नवा घ्यायचाच असेल तर खोक्यावर तुमच्याच कन्सोलचं नाव, पिढीसकट, लिहिलेलं हवं.

कंट्रोलर खरंच बिघडतात, हे मान्यच आहे. पण त्यांची लक्षणं वेगळी असतात. केबल जरा हलवली की चार्जिंग येतं-जातं, हा पोर्ट सैल झाल्याचा पुरावा. ड्युअलशॉक ४ चा चार्जिंगचा पोर्ट एका वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, मुख्य बोर्डाला पातळ पट्टीनं जोडलेला. तो बोर्ड बदलता येतो. बोर्डाच्या आवृत्तीनुसार पट्टी वेगळी असते, म्हणून कंट्रोलर उघडून जुना बोर्ड सोबत न्यावा. बॅटरीही कनेक्टरवर असते, डाग द्यावा लागत नाही. तपकीर गल्लीत किंवा बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सची किरकोळ कामं करणारे हे काम करून देतात आणि त्याला नव्या कंट्रोलरइतका खर्च येत नाही.

आणि मेसेज म्हणतो तसं ब्लूटूथ खरोखरच गेलं असेल, म्हणजे डेटा केबल, रीसेट, सगळं करूनही वायरलेस कधीच लागत नसेल, तरी ड्युअलसेन्स आणि ड्युअलशॉक ४ चं दुसरं मॉडेल फेकू नका. पीएस५ वर सेटिंग्जमध्ये ‘अॅक्सेसरीज’खाली कंट्रोलरच्या पानावर, पीएस४ वर ‘डिव्हायसेस’खाली, ‘कम्युनिकेशन मेथड’ असा पर्याय आहे. तिथे यूएसबी केबल निवडा. लांब डेटा केबल घ्या आणि खेळा.