‘अ वेन्सडे’, सूड आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘अ वेन्सडे’ हा अतिरेक्यांवर सूड उगवणाऱ्या सामान्य माणसाचा सिनेमा अतिशय चांगला बनवलाय आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की मला अतिरेक्यांचा पुळका आहे, माझ्या घरातलं कोणी गेलं असतं तर असं लिहायला हात धजावला नसता, आणि कसाबला चार वर्षं बिर्याणी खाऊ घालणाऱ्या देशाने इस्रायलकडून काहीतरी शिकावं. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांत तुमच्या ऑफिसातले एक सहकारी गेले, हेही तुम्ही ओझरतं लिहिलंत. मी उत्तर देतोय ते त्या वाक्यासाठी.

त्या संध्याकाळी मी दादरला होतो. गाड्या बंद पडल्या, फोन लागेनात, म्हणून रुळांवरून माहीमच्या दिशेने चालत सुटलो. तिथे कडेच्या वस्तीतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावत होती. एका चादरीचं चौथं टोक धरायला कोणी नव्हतं, तर एका पोराने मला हाक मारली. चादरीवर पिवळी फुलं होती. आत जो माणूस होता त्याने जेवणाच्या डब्याची पिशवी छातीशी घट्ट धरली होती, आणि टॅक्सीत ठेवेपर्यंत ती सोडली नाही. तो वाचला की नाही, मला आजतागायत ठाऊक नाही. अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. १८० हून जास्त माणसं गेली, ८०० हून जास्त जखमी झाली. राग म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा ‘तुम्हाला राग येत नाही’ एवढं तरी कृपा करून म्हणू नका.

सप्टेंबर २००८ मध्ये सिनेमा आला तो याच रागावर. अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवरून एक सामान्य माणूस (नसीरुद्दीन शाह) पोलीस आयुक्तांना फोन करतो, शहरात बॉम्ब ठेवलेत म्हणतो, चार अतिरेकी सोडायला लावतो आणि मग त्यांनाच उडवतो. चौथा स्फोटातून वाचतो, त्याला पोलीसच संपवतात. थिएटरात टाळ्यांचा कडकडाट झाला होता. नसीरुद्दीन शाहांचा तो आवाज आठवला की अजून अंगावर काटा येतो.

पण एक गोष्ट बघा. ते चौघे अपराधी आहेत हे आपल्याला कशावरून कळतं? पटकथेत तसं लिहिलंय म्हणून. ते स्वतः तोंडाने कबूल करतात, मिरवतात. प्रेक्षकाला शंका घ्यायला जागाच ठेवलेली नाही. खऱ्या आयुष्यात सगळं घोडं पेंड खातं ते नेमकं इथेच. मारायला हिंमत लागते हे खरं, पण नेमका माणूस शोधून काढायला त्याहून जास्त काही लागतं, आणि सिनेमाने तेवढंच काम गाळून टाकलंय.

तुमचे सहकारी ज्या स्फोटांत गेले त्या खटल्याचंच बघा. २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. त्या दिवशी जर कोणी गच्चीवरून फोन करून या बारांना मागितलं असतं, तर आपण सगळ्यांनी ‘देऊन टाका’ म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाबांवर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही, त्यांतला मजकूर एकसारखा होता आणि मारहाण करून ते घेतल्याची शंका होती. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे या निकालाचा पूर्वदाखला म्हणून वापर करायला स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं गेलं नाही. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एक जण २०२१ मध्येच तुरुंगात कोरोनाने गेला होता. त्याला हा निकाल ऐकायला मिळाला नाही.

तुम्ही म्हणाल, कोर्ट चुकलं असेल. असेलही. पण मग उरतं काय? एकोणीस वर्षांनंतर तुमच्या सहकाऱ्याच्या घरच्यांना कोणी खात्रीने सांगू शकत नाही की बॉम्ब कोणी ठेवला. चुकीचा माणूस पकडला की खरा मोकळा फिरतो आणि लोकांना मात्र वाटतं, तपास लागला. उच्च न्यायालयानेही या आशयाचं म्हटलंय. मला यात अतिरेक्यांचा पुळका कुठे दिसत नाही. मला चीड येते ती त्या पिवळ्या फुलांच्या चादरीतल्या माणसाच्या वतीने.

हे एकाच बाजूचं नाही. मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, नऊ मुसलमान पकडले गेले, वर्षानुवर्षं आत राहिले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. त्याच गावात २९ सप्टेंबर २००८ ला पुन्हा स्फोट झाला, त्यात हिंदू आरोपी होते, ३१ जुलै २०२५ ला ते सातही जण सुटले. यातल्या एका निकालावर तुम्ही खूश असाल आणि दुसऱ्यावर नाराज. पण त्या गच्चीवरच्या माणसाच्या हाती हे सगळे सापडले असते, तर निकाल लागायला कोणी उरलंच नसतं.

आता इस्रायल. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकच्या वेळी अकरा इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. त्यानंतर मोसाद या इस्रायलच्या गुप्तहेर संघटनेने त्या कटातल्या एकेकाला गाठून मारलं, हे तुम्ही अभिमानाने सांगितलंत. २१ जुलै १९७३ चं लिलेहामर मात्र तुमच्या प्रतिक्रियेत नाही. नॉर्वेतलं छोटं गाव. अहमद बुशिखी नावाचा मोरोक्कन वेटर आपल्या गरोदर बायकोबरोबर सिनेमा बघून घरी निघाला होता. बसमधून उतरून दोघं चालत होती. मोसादच्या माणसांना तो अली हसन सलामेह वाटला, म्युनिकच्या कटासाठी ते ज्याला शोधत होते तो. बायकोच्या डोळ्यांदेखत त्याला गोळ्या घातल्या. जगातली इतकी नावाजलेली गुप्तहेर संघटना, आणि मेला तो एक वेटर. इस्रायलने १९९६ मध्ये त्याच्या कुटुंबाला भरपाई दिली, तीही जबाबदारी मान्य न करता. खऱ्या सलामेहला १९७९ मध्ये बैरूतला कारबॉम्बने मारलं, तेव्हा रस्त्यावरची इतर माणसंही गेली. सूडाचं हे शास्त्र शिकायचं असेल, तर हा धडा गाळून कसं चालेल?

आणि कसाब. ‘बिर्याणीची गोष्ट मीच रचली होती’, हे त्याच्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं. ती गोष्ट दहा-पंधरा वर्षं आपल्या तोंडी आहे, खटल्यात काय घडलं ते मात्र फारसं कोणाला आठवत नाही. तुकाराम ओंबळेंनी हातात फक्त लाठी असताना गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी धरली, अंगावर गोळ्या झेलल्या आणि त्याला जिवंत सापडू दिलं. तो जिवंत सापडला म्हणून तो कुठला, कोणी पाठवला, हे जगापुढे मांडता आलं. फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तानला कबूल करावं लागलं की कटाचा काही भाग त्यांच्या भूमीवर शिजला. जागच्या जागी मारला असता तर ‘आमचा नव्हेच’ म्हणून ते हात झटकून मोकळे झाले असते.

त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. हल्ल्यासाठी नकाशा यांनी पुरवला असा आरोप होता. तो नकाशा म्हणे मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला. कपडे रक्ताने माखलेले आणि कागदावर रक्ताचा डाग नाही. हे न्यायालयाच्या नजरेतून सुटलं नाही. कसाबला फाशी देणाऱ्या न्यायाधीश ताहिलियानींनीच या दोघांना २६/११ च्या आरोपातून सोडलं, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो निकाल टिकला. २१ नोव्हेंबर २०१२ ला कसाबला येरवड्यात फाशी झाली, तेव्हा माझ्या मनात शंकेचा लवलेश नव्हता. आपल्या माणसांसाठी मला असा निकाल हवा आहे. २००६ च्या स्फोटांसाठीही असाच हवा होता.

तुमचा एक आक्षेप मात्र मान्य. थिएटरात टाळ्या वाजवणाऱ्यांना मी लेखात ‘रक्ताला चटावलेले’ म्हटलं होतं, ते अन्यायाचं होतं. त्यांत तुमच्यासारखे, ज्यांचं माणूस गेलंय असे लोकही असणार. ते वाक्य मी आज काढून टाकलंय. तुमच्या सहकाऱ्याच्या घरची मंडळी त्या खटल्याच्या तारखांना कधी गेली होती का, त्यांना आता काय वाटतं, हे जमलं तर जरूर लिहा.